विंचवाचं बिऱ्हाड, सोळा फुटी

पुण्यात बिऱ्हाड हलवायचं म्हणजे एक मुहूर्त लागतो आणि एक टेम्पो. मुहूर्त सकाळी आठचा असतो, टेम्पो साडेअकराला येतो. आल्यावर मात्र त्याला क्षणाची उसंत नसते. ‘काका, आटपा लवकर, पुढं कोथरूडची वर्दी आहे,’ असं म्हणून ड्रायव्हर बसल्या जागेवरून हॉर्न वाजवतो आणि त्या हॉर्नसरशी घरातले जुनेजुने वाद निकालात निघतात. मोडकी आरामखुर्ची न्यायची की नाही, यावर आदल्या रात्री दीड वाजेपर्यंत चर्चा झालेली असते. सकाळी हमाल विचारतो, ‘ही घ्यायची का?’ तेवढ्यात हॉर्न वाजतो आणि जो कुणी सर्वांत जवळ उभा असेल तो म्हणतो, ‘राहू दे.’ संपलं. खुर्ची राहते. संध्याकाळी ती तळमजल्यावरच्या काकांच्या गॅलरीत दिसते, पण तोवर आपण दुसऱ्या पेठेत पोचलेलो असतो.

आमची लेक न्यू जर्सीतल्या एडिसनहून टेक्सासात, ह्यूस्टनला लागून असलेल्या शुगर लँडमध्ये राहायला गेली, तेव्हा आम्ही दोघं तिच्याकडेच मुक्कामाला होतो. तिथं ना टेम्पो होता, ना हमाल. दारात येऊन उभा राहिला तो कंटेनर. आणि कंटेनरला हॉर्न नसतो.

जावई हिशेबी आहेत. त्यांनी सगळे पर्याय तपासले होते. तिकडे बिऱ्हाड हलवायचे मार्ग मुख्यतः तीन. पहिला, सगळं मूव्हर्सच्या हाती सोपवायचं. ते येतात, बांधतात, नेतात आणि पैसे घेतात. त्यांच्यातल्या काही लबाडांची रीत अशी की सामान ट्रकमध्ये चढलं की भाव वाढवून मागायचा आणि मिळेपर्यंत सामान सोडायचं नाही. असं ओलीस सामान सोडवायचं कसं, याच्या सूचना तिथल्या सरकारी खात्यानंच काढून ठेवल्या आहेत. दुसरा मार्ग, यू-हॉलचा ट्रक भाड्यानं घेऊन स्वतः हाकायचा. एडिसन ते ह्यूस्टन साधारण सोळाशे मैल, म्हणजे अडीच हजार किलोमीटरच्या वर. जावयांनी सव्वीस फुटी ट्रक चालवण्याचा विचार जेवताना बोलून दाखवला, तेव्हा लेकीनं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी मागं घेताना ते रेडिओ बंद करतात आणि नातीला श्वास रोखून बसायला सांगतात.

उरला तिसरा मार्ग. कंपनी रिकामा कंटेनर तुमच्या दारात ठेवून निघून जाते. तुम्ही तो सवडीनं भरायचा, आपलं कुलूप लावायचं, फोन करायचा. मग ते येऊन उचलतात आणि नव्या घराच्या दारात नेऊन ठेवतात. नवं घर ताब्यात आलं नसेल, तर मधल्या काळात आपल्या गोदामात सांभाळतात, महिन्याच्या भाड्यानं. ऐकायला अतिशय सोयीचं. यातली घात करणारी गोष्ट म्हणजे ती सवड, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

ही कल्पना फ्लोरिडातली. पीटर वॉरहर्स्ट नावाचे गृहस्थ आधी अग्निशमन दलात होते. पुढं ते सामान ठेवायचे गाळे भाड्यानं देण्याच्या धंद्यात पडले. लोकांनी सामान घेऊन गाळ्यापर्यंत यायचं, त्यापेक्षा गाळाच लोकांच्या दारात नेला तर, असं त्यांच्या डोक्यात आलं आणि १९९८ मध्ये ‘पॉड्स’ कंपनी सुरू झाली. आपल्याकडे कल्हईवाला, बोहारीण, रद्दीवाला, सुरीकात्रीला धार लावणारा, सगळे दारात येतच होते. गोदाम तेवढं यायचं राहिलं होतं. पुढं यू-हॉलनं आपल्या तशाच खोक्यांच्या जाहिरातीत ‘पॉड्स’ हा शब्द वापरला म्हणून कज्जा झाला आणि २०१४ मध्ये टँपाच्या ज्यूरीनं सहा कोटी डॉलरहून जास्त भरपाई ठरवली. आपल्याकडे एवढ्या रागाला ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशी एक पाटी पुरते.

कंटेनर यायच्या दिवशी मी सकाळीच अंगणात खुर्ची टाकून बसलो. जेसीबीनं खड्डा खणताना बघत उभं राहणाऱ्यांच्या देशातला मी, मला असलं काही चुकवून चालत नाही. ट्रक आला, आणि त्याच्या पाठीवर कंटेनरला चारी बाजूंनी धरून असलेली एक लोखंडी चौकट. पॉड्सवाल्यांनी आपल्या या यंत्राला ‘पॉडझिला’ असं नाव ठेवलंय. ड्रायव्हर खाली उतरला, रिमोट हातात घेतला. चौकटीनं पाय पसरून जमिनीवर टेकवले, कंटेनर वर उचलून धरला, आणि ट्रक खालून निघून गेला. मग कंटेनर हळूहळू खाली आला. तिरका नाही, कलता नाही, थेट सपाट. आत ग्लासात पाणी ठेवलं असतं तरी हिंदकळलं नसतं. मी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं. आळीत दुसरं कुणीही बघायला आलेलं नव्हतं. समोरच्या घराचा पडदा मात्र जरासा हलला, आणि पडदा हलणं म्हणजे काय हे कळायला इंग्रजी यावं लागत नाही.

दुसऱ्याच दिवशी होमओनर्स असोसिएशनचं पत्र आलं. कंटेनर ड्राइव्हवेवर किती दिवस ठेवता येईल, रस्त्यावर का ठेवता येणार नाही, हिरवळीवर त्याचा एक कोपराही का येता कामा नये, सगळं कलमांसहित. भाषा अत्यंत गोड होती, शेवटी शुभेच्छाही होत्या. सोसायटीचा सेक्रेटरी पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, नोटीस लावायच्या फळ्या फक्त वेगळ्या, असं माझं जुनं मत होतं. ते पक्कं झालं.

आता भरण्याचं शास्त्र. जड सामान सर्वांत आत, मागच्या भिंतीला. डावीकडे आणि उजवीकडे भार सारखा. खाली जड खोकी, वर हलकी, छतापर्यंत. मधे पोकळी ठेवायची नाही, कारण वाटेत सामान पोकळी शोधतं. प्रत्येक थराला पट्टा आवळायचा. आणि वजन मोजायचं. आमच्या सोळा फुटी कंटेनरची मर्यादा होती ४,२०० पौंड, म्हणजे जेमतेम १,९०० किलो. गंमत अशी की त्याच कंपनीच्या लहान कंटेनरला याहून जास्त वजन चालतं. उचलणारं यंत्र तेच, त्याची ताकद तेवढीच, मग मोठ्या खोक्याचं स्वतःचं वजन जास्त म्हणून आतल्या सामानाला कात्री. जावयांनी लगेच एक्सेल शीट उघडलं. खोक्याचा नंबर, आतला ऐवज, वजन. वजन मोजायला बाथरूममधला काटा. खोकं हातात घेऊन मी काट्यावर उभं राहायचं आणि त्यातून माझं वजन वजा करायचं. त्यामुळं माझं वजन शीटच्या पहिल्या ओळीत कायमचं नोंदलं गेलं, आणि आमची ही, जिला एक्सेलमधलं काही कळत नाही, ती तेवढी ओळ मात्र रोज रात्री जेवणाआधी वाचू लागली.

पन्नासाव्या खोक्यावर नंबर घालताना मला आणि हिला एकदमच हसू फुटलं. महाराष्ट्रात २०२२ पासून हा आकडा आणि हा शब्द एकत्र आला की पुढं ‘ओके’ म्हटल्याशिवाय राहवत नाही. जावई बरीच वर्षं तिकडे. त्यांनी पेन थांबवून विचारलं, ‘काय झालं, बाबा?’ आता हे समजावून सांगायला सुरुवात केली असती तर शुगर लँडचं घर हातचं गेलं असतं.

वजन खरं खाल्लं ते पुस्तकांनी. लेकीनं प्रत्येक पुणेवारीत तेवीस किलोच्या बॅगेत बसवून नेलेली मराठी पुस्तकं, वर दिवाळी अंकांची चळत. जावयांनी अगदी नम्रपणे विचारलं, ‘यातली वाचून झालेली काढून टाकायची का?’ लेक म्हणाली, ‘वाचून झालेली कशी टाकणार? ती आवडलेली आहेत.’ ‘मग न वाचलेली?’ ‘ती तर वाचायचीयत!’ त्यांनी मान डोलावून शीटमध्ये आणखी एक रांग वाढवली. मग खलबत्ता आला. मग डोशाचा ग्राइंडर आला, ज्याचा दगडच नातीच्या वजनाचा. जावयांनी आपले व्यायामाचे डंबेल्स स्वतःहून बाजूला काढले. ते त्यांनी वापरलेलेही नव्हते, पण त्याग तो त्याग.

तळघर उघडल्यावर तर गृहशांतीच धोक्यात आली. आपल्याकडचा माळा तिकडे जमिनीखाली असतो एवढाच फरक. वर चढायला शिडी लागत नाही म्हणून तिथं जास्त साठतं. श्रीखंडाचे रिकामे डबे. ज्या टीव्हीचं खोकं, तो टीव्ही जाऊन जमाना झालेला. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांच्या पिशव्या: लॉस एंजेलिस २०१५, डॅलस २०१९, अटलांटिक सिटी २०२२. त्यातल्या एका पिशवीत दुसऱ्या अधिवेशनाचा कार्यक्रम, एक पुडीतली बडीशेप आणि कुणाचं तरी व्हिजिटिंग कार्ड, ज्यांना लवकरच भेटायचं ठरलेलं होतं.

टेम्पो असता तर हे सगळं एका हॉर्नमध्ये उरकलं असतं. इथं कंटेनर दिवसरात्र उघडा उभा. सकाळी लेक म्हणायची, ‘हा झोपाळा नको,’ आणि तो दानाच्या ढिगात जायचा. दुपारी तिच्या मनात नातीचं बाळपण दाटून यायचं आणि झोपाळा आत. रात्री जावई वजन बघायचे आणि झोपाळा बाहेर. पहाटे मी फिरायला निघालो की तो दवात भिजत ड्राइव्हवेवर उभा, पुढच्या निकालाची वाट पाहत. आरामात, घाई न करता, नीट विचार करून निर्णय घेता येतात, अशी कंटेनरची जाहिरात असते. निर्णय खरोखर घेता येतात. तेच ते, कितीही वेळा.

याच सुमारास मी जावयांना माल्कम मॅक्लीनची गोष्ट सांगितली. न्यू जर्सीत बसून ती न सांगणं म्हणजे आळंदीला जाऊन ज्ञानेश्वरांचं नाव न घेणं. मॅक्लीन मुळात उत्तर कॅरोलायनातला ट्रकवाला. मालाची एकेक गोणी, एकेक पेटी हमालांनी उचलून जहाजात ठेवायची, यापेक्षा खोकंच्या खोकं का चढवू नये, हा त्याचा प्रश्न. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल-एक्स’ हे जुन्या टँकरचं केलेलं जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून निघालं. आणि गेलं कुठं? ह्यूस्टनला. म्हणजे नेमका आमचाच प्रवास, फक्त समुद्रावरून. सुटा माल चढवायला तेव्हा टनाला ५ डॉलर ८६ सेंट पडत, मॅक्लीनचा खर्च आला टनाला १६ सेंटच्या आत. सगळ्या जगाचा व्यापार त्यानं बदलला. का बदलला? कारण एकदा दार लावलं की मुक्कामाला पोचेपर्यंत ते कुणी उघडायचं नाही. एवढीच त्यातली युक्ती. ‘आणि तुमच्याकडे,’ मी म्हणालो, ‘कालपासून तो झोपाळाच कितीदा आतबाहेर झाला?’ जावई गंभीर झाले. त्यांनी शीटमध्ये ‘अंतिम’ नावाचं नवं पान उघडलं. दोन दिवसांनी ‘अंतिम-२’ आलं.

देवांचा प्रश्न हिनं काढला. ‘देवांना त्या अंधारात कोंडून पाठवायचं? इतक्या लांब? या उन्हात?’ लेक गप्प. जावई मात्र तयारीत होते. ‘आई, आपण गणपतीत ओक ट्री रोडवरून मूर्ती आणतो ना, त्या पेणहून कंटेनरमधनंच येतात. आधी कित्येक आठवडे समुद्रात असतात.’ हे खरंच आहे. पेणच्या मूर्ती परदेशी जातात त्या बोटीनं, गणेशचतुर्थीच्या कितीतरी आधी निघून. ही थोडा वेळ विचारात पडली, आणि म्हणाली, ‘प्राणप्रतिष्ठेच्या आधी येतात, ते वेगळं.’ या मुद्द्यावर जावयांकडे पान नव्हतं. अखेर तोड निघाली: देव सर्वांत शेवटी चढतील, दाराशी बसतील आणि सर्वांत आधी उतरतील.

पण देव ठेवायचे कशात? चांगली मजबूत, आत पुठ्ठ्याचे कप्पे असलेली खोकी तिकडे दारूच्या दुकानात फुकट मिळतात, हे बिऱ्हाड हलवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. एका कप्प्यात बाळकृष्ण, एकात अन्नपूर्णा, एकात शंख, एकात घंटा, गंगेचा गडू तर बाटलीच्या कप्प्यात मापून केल्यासारखा बसला. हिनं खोक्यावरच्या व्हिस्कीच्या नावावर कुंकवानं स्वस्तिक काढलं. नाव तरीही वाचता येत होतं.

वर्ज्य वस्तूंची यादी मोठी होती. प्रोपेनचं सिलिंडर, रंग, पेट्रोल, फटाके, झाडं, नाशवंत खाद्यपदार्थ. तुळस एडिसनमधल्याच एका मैत्रिणीकडे दिली. लोणच्यावरून मात्र बाका प्रसंग आला. जावयांनी ते नाशवंतात धरलं. ‘माझं लोणचं नासत नाही,’ असं ही ज्या सुरात म्हणाली, त्यानंतर त्या घरात कुणी तो विषय काढला नाही. तेल तापून बरणी फुटेल अशी भौतिकशास्त्रीय शंका मी घेतली आणि बरण्या मैत्रिणीकडे, तुळशीच्या शेजारी गेल्या. कोरडे मसाले नासत नाहीत, ते चालतील, असं सर्वानुमते ठरलं. त्यात हिंगाचा मोठा डबा होता.

कंटेनर गेला. झोपाळा आत होता.

आम्ही विमानानं पोचलो आणि मग सुरू झाली ती रिकाम्या घरातली वस्ती. कंटेनर वाटेत. हवेच्या गाद्या रात्री फुगवायच्या, पहाटे आपण जमिनीवर. कंपनीचा फोन लावला की एक मुलगी आनंदानं सांगायची की सामान सुखरूप आहे. कुठं आहे, हे विचारलं की आणखी आनंदानं तेच सांगायची. मॅक्लीनचं जहाज सहा दिवसांत पोचलं होतं, हे मी बोलून दाखवलं, पण लेकीनं हळूच खूण केली. या दिवसांत आम्हाला तारलं ते तिथल्या मराठी मंडळींनी. कुणाशी ओळख नाही, देख नाही, पण कळलं तसे पोळ्या, भरली वांगी, आमटी असे डबे घेऊन दारात हजर. प्रत्येकानं आपापल्या कंटेनरची कथा ऐकवली. एकांचा सोफा नव्या घराच्या दारातून आत जाईना म्हणून तो गॅरेजमध्येच आहे आणि आता ते संध्याकाळी गॅरेजमध्ये बसतात. हिलक्रॉफ्टला, ज्या भागाला २०१० पासून महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट म्हणतात, तिथं सगळं मिळतं असं सगळ्यांनी सांगितलं. मिळतंही. पण आपलं गाळणं कंटेनरमध्ये असताना नवीन गाळणं विकत घेणं आपल्या रक्तात नाही. उद्या येईलच की. म्हणून रोज ‘उद्या’च्या भरवशावर जावयांच्या धुतलेल्या रुमालातून चहा गाळला जात होता. जावई तो न बोलता प्यायचे. असा जावई मिळायला पुण्य लागतं.

अखेर एका दुपारी कंटेनर आला. टेक्सासचं ऊन, शंभर फॅरनहाइटच्या घरातलं, आणि त्यात वाटभर तापलेला बंद डबा. जावयांनी कुलूप काढलं, शटर वर सरकवलं आणि आतून हिंग बाहेर आला. डबा नाही, नुसता हिंग. गाद्यांना हिंग, पडद्यांना हिंग, दिवाळी अंकांना हिंग, जावयांच्या ऑफिसच्या कोटाला हिंग. मेणबत्त्या वितळून त्यांचा एक गोळा झाला होता. बाकी काच एकही फुटलेली नव्हती, पट्ट्यांनी आपलं काम चोख केलं होतं. आळीभर फोडणी दिल्याचा दरवळ सुटला, आणि शेजारचा उंचापुरा टेक्सन गृहस्थ, कदाचित वासानंच, मदत करू का विचारत आला.

ठरल्याप्रमाणे पहिलं खोकं देवांचं. हिनं चपला काढल्या. जावयांनीही काढल्या. ड्राइव्हवे तापलेला, तरी अनवाणी पावलांनी, दोन्ही हातांत ते व्हिस्कीचं खोकं छातीशी धरून जावई निघाले. पुढं ही, पदर डोक्यावर. मागं लेक, तिच्यामागं नात. मी वाटेत हात जोडले. त्या भल्या माणसानं डोक्यावरची टोपी काढली आणि ती वरात आत जाईपर्यंत स्तब्ध उभा राहिला. नंतर तो जावयांना म्हणाला, की टेक्सासमध्येही लोक व्हिस्कीला मानतात, पण इतकं नाही.

तर वाचकहो, तुमच्यापैकी कुणाच्या मुलाबाळांनी तिकडे कंटेनर मागवायचं ठरवलं, तर पद्धत वाईट नाही. मूव्हर्सपेक्षा आम्हाला स्वस्त पडली आणि काचा शाबूत राहिल्या. फक्त लहान कंटेनर मागवा, मोठा मागवला तर मोठा भरतो. तो निघायच्या आदल्या दिवशी येईल असं बघा, आठवडाभर आधी अजिबात नको. हिंग तीन पिशव्यांत बांधून मैत्रिणीला देऊन टाका. आणि चहाचं गाळणं काहीही झालं तरी हातातल्या पर्समध्ये ठेवा, विमानतळावर ते कुणी अडवत नाही.